मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी: एक परीक्षण

नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरील महाविद्यालयांत दिंडोरी, निफाड, सिन्नर, कळवण, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून जे विद्यार्थी येतात, त्यांपैकी पुष्कळांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. त्यांच्या दप्तरात बहुधा एक छोटा इंग्रजी-मराठी शब्दकोश असतो किंवा मोबाइलमध्ये अर्थ सांगणारे एखादे ॲप असते, आणि तरीही निबंधाचा एक परिच्छेद लिहायला किंवा मराठी बातमीतील चार ओळींचे भाषांतर करायला दिले की लेखणी अडते. शब्दाचा अर्थ ठाऊक असतो. तो शब्द वाक्यात कसा बसवायचा हे ठाऊक नसते. मी पदवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते आणि भाषांतराचा सराव करून घेते, त्यामुळे ‘मॅडम, कोणती डिक्शनरी घेऊ?’ हा प्रश्न दर वर्षी महाविद्यालय सुरू होताच कानावर येतो. माझे उत्तर ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी हे आहे. ते तसे का आहे, या कोशाचा उपयोग नेमका कोठे होतो आणि कोठे होत नाही, आणि भाषांतर शिकू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला तो कोठवर साथ देतो, हे येथे सविस्तर मांडत आहे. माझ्यासमोर २०२० साली निघालेली दहावी छापील आवृत्ती आणि याच कोशाचे विनामूल्य संकेतस्थळ अशी दोन्ही रूपे आहेत.

हा कोश इंग्रजी-इंग्रजी आहे, आणि तेवढे ऐकूनच अनेक विद्यार्थी मागे सरतात. त्यांचा समज असा असतो की इंग्रजीतून अर्थ सांगणारा कोश ज्यांचे इंग्रजी आधीच चांगले आहे त्यांच्यासाठी असतो. वस्तुस्थिती उलटी आहे. या कोशाचा जन्मच ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांच्या वर्गात झाला. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ मध्ये जपानमध्ये शिकवायला गेले. जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी वाक्य लिहिताना कोठे अडचण येते हे त्यांनी वर्गात पाहिले आणि गेटनबी व वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांसह एक कोश रचला. तो १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो जगभरातील विद्यार्थ्यांसाठी काढला. आजची दहावी आवृत्ती त्याच वंशातील आहे. यात आपल्या उपखंडाचाही वाटा आहे, आणि तो मला मुद्दाम नोंदवावासा वाटतो. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना पाहिले होते. सोप्या, मर्यादित शब्दांतच अवघड शब्दांचा अर्थ सांगावा ही कल्पना त्यांनी १९३५ च्या आपल्या कोशात प्रत्यक्षात आणली. त्या कोशात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांच्या आधारे सांगितले होते. म्हणजे ज्या प्रकारच्या कोशाला आपले विद्यार्थी बिचकतात, तो प्रकार त्यांच्यासारख्याच विद्यार्थ्यांना समोर ठेवून घडवला गेला आहे.

ऑक्सफर्डच्या या कोशातही व्याख्या मुख्यतः ‘ऑक्सफर्ड ३०००’ या यादीतील शब्दांत लिहिलेल्या असतात. ज्याला ते तीन हजार शब्द येतात, त्याला कोशातील जवळजवळ कोणतीही व्याख्या वाचता येते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यांतले बरेचसे शब्द शाळेपासून ओळखीचे असतात, फक्त ते एकत्र ठेवून वाचण्याची सवय नसते. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे व्याख्या वाचायला वेळ लागतो आणि चिडचिडही होते. या काळात मी विद्यार्थ्यांना छोटा इंग्रजी-मराठी कोश फेकून द्यायला सांगत नाही. आधी इंग्रजी व्याख्या वाचावी, आपल्या मनाशी मराठी अर्थ धरावा, मग मराठी कोशात पडताळून पाहावे, एवढाच क्रम बदलायला सांगते.

या कोशाचे खरे मोल व्याख्येत नाही, व्याख्येच्या आजूबाजूला आहे. नोंद उघडली की नाम मोजता येते की नाही हे लगेच कळते. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ या नामांना इंग्रजीत अनेकवचन नाही, ही गोष्ट मराठीतून येणाऱ्याला आपोआप सुचत नाही, कारण मराठीत ‘सल्ले’ आणि ‘सूचना’ सहज अनेकवचनी होतात. क्रियापदाच्या नोंदीत त्याच्यामागे थेट कर्म येते की मध्ये शब्दयोगी लागतो, हे ठळक अक्षरांत दाखवलेले असते. मराठीत आपण एखाद्या विषया‘वर’ किंवा विषया‘बद्दल’ चर्चा करतो, म्हणून आपला विद्यार्थी हमखास ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. कोशात या क्रियापदाखाली असे लिहिता येत नाही अशी स्वतंत्र सूचनाच दिलेली आहे. कोणा‘शी’ तरी लग्न होते, म्हणून ‘मॅरी विथ’ लिहिले जाते. नोंदीतील आकृतिबंध पाहिला की क्रियापदानंतर थेट व्यक्ती येते हे दिसते. परीक्षेचे उदाहरण तर फारच बोलके आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात, इंग्रजीत मात्र विद्यार्थीच परीक्षा ‘टेक’ करतो किंवा परीक्षेला ‘सिट’ होतो. असे शब्दप्रयोग अर्थावरून ओळखता येत नाहीत, ते वाक्यांतच पाहावे लागतात, आणि या कोशात जवळपास प्रत्येक अर्थाखाली ती वाक्ये तयार असतात. द्राक्षवेलीला मांडव लागतो तसा नव्या शब्दाला उदाहरणवाक्याचा आधार लागतो. त्याशिवाय तो जमिनीवरच पसरून राहतो.

शब्दसंग्रह वाढवणे म्हणजे शब्दांची संगत शिकणे, असे माझे ठाम मत आहे, आणि भाषांतर करणाऱ्याच्या दृष्टीने या कोशाची सर्वांत मोठी देणगी हीच आहे. मराठीतील ‘कडक’ हा शब्द पाहा. चहा कडक असतो, ऊन कडक असते, शिस्त कडक असते, भाकरी कडक होते आणि साहेबही कडक असतात. छोटा मराठी-इंग्रजी कोश उघडला तर ‘हार्ड’, ‘स्ट्रिक्ट’, ‘स्ट्राँग’ असे दोन-तीन पर्याय एका ओळीत मिळतील, पण कोणता कोठे लावायचा हे तेथे कळत नाही. ऑक्सफर्डमध्ये उलट बाजूने जावे लागते. चहाची नोंद उघडली की ‘स्ट्राँग’ सापडतो, शिस्तीच्या नोंदीत ‘स्ट्रिक्ट’ सापडतो. जोराचा पाऊस इंग्रजीत ‘हेवी’ असतो आणि जोराचा वारा ‘स्ट्राँग’ असतो. मराठीत दोघांनाही एकच विशेषण चालते म्हणून इंग्रजीतही चालेल, ही समजूत मोडायला नामाची नोंद उघडून पाहण्याची सवय पुरेशी आहे. विद्यार्थ्याने विशेषण शोधताना विशेषण उघडू नये, नाम उघडावे, आणि क्रियापद शोधतानाही आधी नामच उघडावे, ही एक गोष्ट जरी हा कोश वापरताना अंगवळणी पडली तरी लेखनात ठळक फरक पडतो.

याखेरीज नोंदींच्या मध्ये चौकटी आहेत. कोणता शब्द कोठे वापरायचा हे सांगणाऱ्या चौकटी, समानार्थी शब्दांतील छटा उलगडणाऱ्या चौकटी, एका विषयाभोवतीचे शब्दप्रयोग एकत्र देणाऱ्या चौकटी. ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’, ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’, ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ या जोड्यांतील फरक तेथे दोन-चार ओळींत स्पष्ट होतो. अर्थशास्त्र आणि इतिहास घेतलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना या जोड्या रोज लागतात. उच्चार आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत दिलेले आहेत आणि संकेतस्थळावर ब्रिटिश व अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकता येतात. आपल्याकडे स्पेलिंग वाचून उच्चार करण्याची जी रीत आहे तिच्यावर हा चांगला उपाय आहे, एवढे सांगून मी पुढे जाते.

‘ऑक्सफर्ड ३०००’ ही यादी सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून कोशात आहे आणि २०१९ मध्ये तिची फेररचना झाली. आता ती युरोपीय भाषा-पातळ्यांनुसार (ए१ सर्वांत प्राथमिक, सी२ सर्वांत वरची) ए१ ते बी२ अशी लावलेली असून तिच्या पुढे बी२ ते सी१ पातळीचे आणखी २,००० शब्द जोडून ‘ऑक्सफर्ड ५०००’ तयार केले आहे. प्रत्येक शब्दापुढे पातळीची खूण असते. या याद्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता आणि उतरवून घेता येतात. माझ्या मते मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी या संपूर्ण उत्पादनातील सर्वांत उपयुक्त भाग हाच आहे, आणि नेमका तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. कारण आपल्याकडे शब्दसंग्रह म्हणजे दुर्मीळ, लांबलचक शब्द पाठ करणे अशी समजूत स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांनी रुजवली आहे. जो शब्द आयुष्यात क्वचितच वाचनात येईल तो वहीत दहादा लिहिला जातो, आणि ‘इश्यू’, ‘अप्रोच’, ‘असेस’, ‘एव्हिडन्स’ यांसारखे पाठ्यपुस्तकाच्या पानोपानी भेटणारे शब्द अर्धवट समजलेलेच राहतात. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची (एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची) यादी प्रसिद्ध केली. अभ्यासविषयक मजकुराचा सुमारे १० टक्के भाग एवढ्याच शब्दकुटुंबांनी व्यापलेला असतो असे त्यांच्या पाहणीत दिसले. पहिल्या वर्षी तीन हजारांच्या यादीतील कच्चे शब्द पक्के करावेत आणि दुसऱ्या वर्षी विद्यापीठीय शब्दांकडे वळावे, हा माझा आग्रह आहे. यादीतील शब्द नुसता ‘येतो’ म्हणून पुढे सरकू नये. ‘रन’, ‘टेक’, ‘सेट’ हे शब्द पहिलीच्या मुलालाही येतात, पण त्यांच्या नोंदी काही स्तंभ व्यापतात, आणि इंग्रजीतील दैनंदिन लेखन मुख्यतः त्या स्तंभांतील दुसऱ्या-तिसऱ्या अर्थांवर चालते.

आता भाषांतराकडे येऊ. इंग्रजीतून मराठीत येताना हा कोश मला अपेक्षेहून अधिक उपयोगी वाटतो, आणि त्याचे कारण असे की तो मराठी शब्द देत नाही. मराठी प्रतिशब्द समोर आयता आला की विद्यार्थी तोच उचलतो आणि वाक्य कसेही वाकवून त्यात बसवतो. व्याख्या वाचल्यावर मात्र प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो आणि त्या प्रसंगी आपण घरी काय म्हणतो ते आठवावे लागते. ‘ऑकवर्ड’ या शब्दाचे कोशात वेगवेगळे अर्थ क्रमाने दिले आहेत: संकोच वाटायला लावणारा प्रसंग, हाताळायला कठीण गोष्ट, गैरसोयीची वेळ, हालचालींत सफाई नसणे. हे अर्थ वाचून विद्यार्थी पहिल्यासाठी ‘कानकोंडे होणे’ किंवा ‘अवघडल्यासारखे वाटणे’, दुसऱ्यासाठी ‘अडचणीचा’, तिसऱ्यासाठी ‘अवेळी’ आणि चौथ्यासाठी ‘बेंगरूळ’ असे शब्द स्वतः काढतात. हे शब्द त्यांना आजीकडून, गावाकडून मिळालेले असतात, आणि महाविद्यालयात आल्यावर ते वापरायला ते लाजतात. ते परत वापरात येताना पाहणे हा माझ्या शिकवण्यातील मोठा आनंद आहे.

मराठीतून इंग्रजीत जाताना या कोशाची मर्यादा सुरू होते, कारण जो शब्द शोधायचा आहे तो मराठी आहे आणि कोशाला मराठी येत नाही. वर्गात मी जिल्ह्यातील बातम्यांसारखी वाक्ये भाषांतराला देते. उदाहरणार्थ, ‘उन्हाळ कांद्याची आवक वाढल्याने भाव घसरले आणि संतप्त शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले.’ लासलगावचे नाव देशभर कांद्यामुळे घेतले जाते, आणि निफाड, चांदवड, येवल्याच्या मुलांना या वाक्यातील प्रत्येक शब्द घरच्या व्यवहारातून माहीत असतो. ‘भाव घसरले’ याला कोश उत्तम उत्तर देतो: ‘प्राइस’ची नोंद आणि तिच्या आसपासचे शब्दप्रयोग पाहिले की हळूहळू उतरणे, एकदम कोसळणे, स्थिर राहणे यांसाठी वेगवेगळी क्रियापदे मिळतात. ‘बंद पाडले’ येथे विद्यार्थी ‘क्लोज्ड’ लिहितात आणि अर्थ बिघडतो, कारण बंद करणे वेगळे आणि दुसऱ्याचे चालू काम बंद पाडणे वेगळे. ‘हॉल्ट’ची नोंद उघडली की एखादी गोष्ट थांबायला भाग पाडण्याचा वाक्प्रयोग सापडतो. ‘संतप्त’साठी ‘अँग्री’च्या खालची समानार्थी शब्दांची चौकट पाहावी. परंतु ‘आवक’ आणि ‘उन्हाळ कांदा’ येथे कोश थांबतो, आणि त्याने थांबणेच योग्य आहे. आवकेसाठी भारतीय बाजारवृत्तांत ‘अरायव्हल्स’ हा शब्द रूढ आहे, तो इंग्रजी वर्तमानपत्रांच्या कृषी-व्यापाराच्या पानावर सापडतो. उन्हाळ कांदा म्हणजे रब्बीत लावून उन्हाळ्यात काढलेला आणि साठवणीच्या कांदाचाळीत टिकणारा कांदा. परदेशी वाचकासाठी लिहिताना एवढी माहिती वाक्यात विणावी लागते, नुसते ‘समर अनियन’ लिहून भागत नाही. म्हणजे भाषांतरकाराला कोशाबाहेरचे वाचन आणि विषयाचे ज्ञान लागतेच, आणि याबाबतीत निफाडचा विद्यार्थी लंडनच्या भाषांतरकारापेक्षा पुढे असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी ऑक्सफर्डच्या जोडीला एक मराठी-इंग्रजी कोश हवाच, आणि त्यासाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश विनामूल्य उपलब्ध आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी जेम्स मोल्सवर्थ यांनी जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने तो १८३१ मध्ये प्रसिद्ध केला आणि १८५७ मध्ये त्याची सुमारे ६०,००० शब्दांची सुधारित आवृत्ती काढली. मराठी माणसांनी त्यांना ‘मोलेसरशास्त्री’ म्हणावे इतका त्यांचा मराठीचा व्यासंग होता. संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी अशा मुळांच्या खुणा शब्दापुढे दिलेल्या आहेत, म्हणी आणि वाक्प्रचार यांचा साठा अफाट आहे, आणि शेती, घर, नातीगोती, देवधर्म यांच्या शब्दांना तेथे जेवढी जागा मिळाली आहे तेवढी आजच्या खिशात मावणाऱ्या कोशांत मिळत नाही. वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की त्यातील लेखन जुन्या पद्धतीचे आहे; १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी जे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले ते तेथे आहेत, म्हणून क्रियापद ‘करणें’ असे शोधावे लागते. दुसरी अशी की त्यातील इंग्रजी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील आहे. तेथे मिळालेला इंग्रजी शब्द तसाच वाक्यात टाकू नये, तो ऑक्सफर्डमध्ये पुन्हा उघडून आज कोण, कोठे, कोणत्या शब्दांबरोबर वापरतो ते पाहावे. मोल्सवर्थमधून शब्दाचा आवाका कळतो आणि ऑक्सफर्डमधून त्याची आजची चाल कळते. दोन्ही खिडक्या शेजारी उघड्या ठेवून काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे भाषांतर मला वाचताक्षणी ओळखू येते.

त्याच संकेतस्थळावर मॅक्सिन बर्नसन यांचा आधुनिक मराठी शिकणाऱ्यांसाठी केलेला मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हेही आहेत. दाते-कर्व्यांचा कोश मराठी-मराठी आहे, आणि इंग्रजीच्या अभ्यासात तो कशाला, असे विद्यार्थी विचारतात. ज्या मराठी शब्दाचे भाषांतर करायचे त्याचाच अर्थ आपल्याला धूसर असतो, हे पुष्कळदा तो कोश उघडल्यावरच लक्षात येते. मोठे, बहुखंडी कोश पडद्यावर पाहण्यापेक्षा हातात घेऊन चाळावेत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी १८४० पासून चालू असलेले नाशिकचे आपले सार्वजनिक वाचनालय आहे. अशा जुन्या ग्रंथालयाचा संदर्भ विभाग ही कोश हाताळायला शिकण्याची योग्य जागा आहे. पाठ्यविषयांच्या संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत. अर्थशास्त्रातील किंवा राज्यशास्त्रातील संज्ञा स्वतः घडवण्यात वेळ घालवू नये.

यंत्राकडून होणाऱ्या भाषांतराबद्दल विचारणा होतेच. गूगलच्या भाषांतर-सेवेत मराठी २०१३ मध्ये आली आणि २०१७ पासून ती नव्या न्यूरल पद्धतीने, म्हणजे तुकड्यातुकड्यांऐवजी पूर्ण वाक्य एकत्र घेऊन, चालते. आता तर इतरही साधने हाताशी आहेत, आणि साध्या माहितीपर मजकुराचा अर्थ समजून घ्यायला ती उपयोगी पडतात. शिकण्याच्या काळात मी ती पहिल्या मसुद्यासाठी वापरू देत नाही. स्वतः केलेले भाषांतर पूर्ण झाल्यावर यंत्राचे वाक्य शेजारी ठेवावे आणि दोन्हींत जेथे फरक दिसतो तेथे कोश उघडून निवाडा करावा. असा वापर केला तर यंत्रही शिकवते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेच्या अनिवार्य प्रश्नपत्रिकेत इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत असे दोन उतारे प्रत्येकी २० गुणांना असतात, आणि तेथे हातात फक्त पेन असते.

आता उणिवा. उदाहरणवाक्यांचे जग मुख्यतः ब्रिटिश आहे. तेथील भाडेकरू, पब, रेल्वे, हवामान यांची वाक्ये वाचताना आपल्या विद्यार्थ्याला काही वेळा शब्दापेक्षा प्रसंगच अपरिचित वाटतो. ‘लाख’, ‘क्रोर’, ‘प्रिपोन’ असे भारतीय इंग्रजीतील शब्द भारतीय अशी खूण करून घेतलेले आहेत, ही चांगली गोष्ट आहे, पण आपल्या कार्यालयांत आणि वर्तमानपत्रांत चालणाऱ्या इंग्रजीच्या मानाने हा वाटा लहान आहे. छापील प्रत जाड आहे, कागद पातळ आहे, अक्षर बारीक आहे, आणि सिन्नरहून रोज बसने येणाऱ्या मुलीने ती खांद्यावर वाहून आणावी असे मी म्हणणार नाही. पुस्तकाला जोडलेला लेखन-मार्गदर्शनाचा भाग नीट रचलेला आहे, तरी त्यातील निबंधांचे नमुने आपल्या विद्यापीठीय प्रश्नपत्रिकांच्या पद्धतीशी जुळत नाहीत.

अन्य कोशांविषयी थोडक्यात. लाँगमनचा १९७८ पासूनचा विद्यार्थी-कोश सुमारे २,००० शब्दांतच व्याख्या बांधतो, म्हणून ज्याचे इंग्रजी अधिक कच्चे आहे त्याला तो जवळचा वाटू शकेल. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली निघालेला कोबिल्ड कोश व्याख्याच पूर्ण वाक्यात देतो. त्या वाक्यात क्रियापदाचा कर्ता सहसा कोण असतो आणि कर्म काय असते हे आपोआप येते. क्रियापदांचे भाषांतर करताना मी स्वतः अनेकदा कोबिल्डकडे वळते, आणि तिसऱ्या वर्षातील भाषांतराची गोडी लागलेल्या विद्यार्थ्यांनाही तो सुचवते. पण तीन वर्षांसाठी एकच कोश घ्यायचा असेल तर पातळ्यांच्या खुणा, चौकटी, विनामूल्य याद्या आणि उच्चार हे सर्व एकत्र असल्याने ऑक्सफर्ड पुढे राहतो.

खरेदीविषयी. पहिल्या सत्रात कोणीही छापील प्रत घेऊ नये. संकेतस्थळ मोबाइलवर चालते, नोंदी पाहायला शुल्क लागत नाही. रोज वाचनात आलेले थोडे शब्द त्यावर पाहावेत, प्रत्येक शब्दाचे एक उदाहरणवाक्य आणि त्याची संगत वहीत उतरवावी, आणि त्याच शब्दाचे स्वतःचे एक वाक्य व त्याचे मराठी भाषांतर खाली लिहावे. ही वही भरू लागली की छापील प्रत घेण्यात अर्थ आहे, कारण कागदावर एक नोंद शोधताना शेजारच्या चार नोंदी नजरेखालून जातात आणि शब्दांची कुटुंबे एकत्र दिसतात. पडद्यावर जो शब्द विचारला तेवढाच समोर येतो. नवी प्रत महाग वाटत असेल तर २०१५ ची नववी आवृत्ती जुनी मिळाल्यास निःशंकपणे घ्यावी, फक्त तिच्यातील ३००० शब्दांच्या खुणा जुन्या यादीच्या आहेत हे लक्षात ठेवून पातळ्यांसाठी संकेतस्थळावरची यादी वापरावी. २००५ पूर्वीच्या आवृत्त्या, विशेषतः १९८९ ची चौथी, मला आदरणीय वाटतात, पण त्यांतील क्रियापदांचे सांकेतिक आकृतिबंध समजून घेण्यातच नव्या विद्यार्थ्याचे वर्ष जाईल. रस्त्याकडेला निम्म्याहून कमी किमतीत मिळणाऱ्या बेकायदा छपाईच्या प्रती मात्र घेऊ नयेत. त्यांत ध्वनिलिपीची बारीक चिन्हे पुसट उमटलेली असतात आणि चौकटींचे रंग एकमेकांत मिसळलेले असतात. वर्गातील तीन-चार मित्रमैत्रिणींनी मिळून एक चांगली प्रत घेतली आणि ती आळीपाळीने वापरली, तर खर्च वाटला जाईल आणि भाषांतराच्या सरावाला सोबतही मिळेल.